स्कँडी धारेचा जाड बुशक्राफ्ट चाकू: लाकूडकामाच्या कसोटीवर

रानात लाकडावर काम करण्यासाठी, म्हणजे बुशक्राफ्टसाठी, चाकू निवडताना बहुतेक जण पोलाद कोणते आणि पाते किती जाड, हे आधी विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ओली फांदी हातात घेऊन खुंटी तासायला बसले की पहिल्या काही कापांतच वेगळ्या गुणाची गरज जाणवू लागते, आणि तो गुण म्हणजे ताबा. सुरू केलेला काप ठरवलेल्या रेषेवरून जातो का आणि ठरवलेल्या ठिकाणी थांबतो का, यावर खाच घट्ट बसणार की ढिली राहणार हे ठरते आणि बोटांची सुरक्षितताही त्यावरच अवलंबून असते. ज्या चाकूचे परीक्षण येथे मांडत आहे तो तासण्याच्या कामात या बाबतीत फार वरच्या दर्जाचा आहे; मात्र खोल कापात त्याची स्वतःची जाडीच ताब्याच्या आड येते. हा गुण आणि हा दोष एकाच रचनेतून आलेले आहेत, त्यामुळे त्यांचा विचारही एकत्रच करावा लागतो.

चाकू एका छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेला आहे. पात्यावर कोणताही छाप नाही, पण नमुना इतका प्रचलित आहे की मापे सांगितली तरी जाणकारांच्या डोळ्यांसमोर तो उभा राहील. पाते ११० मिमी लांब, २५ मिमी रुंद आणि ४ मिमी जाड आहे. टोक पात्याच्या मध्यरेषेवर उतरलेले आहे आणि पाठ काटकोनी घासलेली आहे. पोलाद ओ-१ नावाच्या, स्टेनलेस नसलेल्या जातीचे आहे. पात्याचेच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेले आहे, म्हणजे बांधणी फुल टँग प्रकारची आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या पितळी रिबिटांनी बसवलेल्या आहेत. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. इंग्लंडमधील कारागीर ॲलन वुड यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस रानविद्येचे ब्रिटिश शिक्षक रे मिअर्स यांच्यासाठी जो चाकू घडवला, त्याच कुळातला हा नमुना आहे आणि आज जगभरातील कितीतरी लहान कार्यशाळा त्याच्या आवृत्त्या बनवतात. तुलनेसाठी सोबत स्टेनलेस पोलादाचा मोरा कम्पॅनियन ठेवला होता. स्वीडनमधील मोरा गावात १८९१ साली सुरू झालेल्या चाकूउद्योगाचा वारसा सांगणारा हा चाकू अगदी साधा आहे. त्याचे पाते २.५ मिमी जाड असून मूठ प्लास्टिक आणि रबराची आहे.

दोन्ही चाकूंची धार स्कँडी प्रकारची आहे. या प्रकारात पात्याचा वरचा भाग सपाट राहतो आणि खालच्या भागात दोन्ही बाजूंनी एकेकच सपाट उतार थेट धारेपर्यंत जातो; स्वयंपाकघरातल्या बहुतेक सुऱ्यांना धारेच्या कडेशी असतो तसा दुसरा बारीक उतार त्याला नसतो. सुतार पटाशीचा उतार लाकडावर टेकवून पुढे ढकलतो, त्याच पद्धतीने हा उतार लाकडावर टेकवता येतो आणि मग धार किती खोल जाईल हे मनगटाच्या सूक्ष्म हालचालीवर ठरते. दोन्ही उतारांमधला एकूण कोन २५ अंश धरला, तर ४ मिमी जाडीच्या पात्यावर प्रत्येक उताराची रुंदी सुमारे ९ मिमी येते, २.५ मिमी जाडीच्या पात्यावर तीच रुंदी जेमतेम पावणेसहा मिमी राहते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण हाताला तो लगेच कळतो. रुंद उतार लाकडावर टेकल्यावर पाते डुगडुगत नाही, त्याला बसायला जागा मिळते, आणि लांब सरळ काप घेताना धार मध्येच खोल घुसत नाही की वर उसळत नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते साल काढून दांडी गोल किंवा चौकोनी तासताना. अंगठ्याएवढ्या जाडीची ओली फांदी घेतली, पात्याचा मुठीजवळचा भाग तिच्यावर ठेवला आणि कोपर न वाकवता खांद्यातून जोर देऊन पाते पुढे ढकलले, तर एका कापात वीतभर लांबीची सलग ढलपी निघते आणि खाली रंधा मारल्यासारखा सपाट पृष्ठभाग उरतो. काप तिरपा घ्यावा, म्हणजे पाते ढकलताना मुठीकडून टोकाकडे थोडे सरकवावे. मग जोर कमी लागतो आणि तंतू उपटले न जाता कापले जातात. छातीशी दोन्ही हात धरून, कोपरे मागे नेत घेतलेला काप या चाकूने विशेष चांगला जमतो. त्या पकडीत धार शरीराच्या बाहेरच्या दिशेला असते, जोर पाठीच्या स्नायूंतून येतो, आणि दोन्ही हात एकमेकांपासून दूर जात असल्यामुळे काप संपताच आपोआप थांबतो. अशा जोरकस कापात जाड पात्याचा ठामपणा हवाहवासा वाटतो.

येथेच घडणीतला एक दोष सांगायला हवा. मूठ संपते तिथून धार सुरू होईपर्यंत सुमारे ८ मिमी पाते बिनधारेचे सोडलेले आहे. दिसायला ते नेटके दिसते आणि धार लावताना दगड मुठीवर घासत नाही, ही सोयही खरी आहे. परंतु जास्तीत जास्त जोर मुठीला अगदी लागून असलेल्या धारेवरच देता येतो, आणि नेमकी तीच जागा इथे वाया गेली आहे. धार हातापासून जितकी पुढे जाते तितका मनगटावर पडणारा पीळ वाढतो. कठीण लाकडावर बराच वेळ काम केल्यावर हा ताण अंगठ्याच्या बुडाशी जाणवतो. मोरा कम्पॅनियनमध्ये धार मुठीच्या अगदी जवळून सुरू होते, आणि या एका बाबतीत साधा कारखानी चाकू हाताने घडवलेल्या चाकूपेक्षा सरस आहे. असा चाकू बनवून घेणाऱ्याने हे अंतर २ ते ३ मिमीपेक्षा जास्त ठेवू देऊ नये.

विस्तव पेटवण्यासाठी काडीवर पातळ, कुरळ्या ढलप्यांचा तुरा तासणे ही चाकूची लोकप्रिय परीक्षा आहे. त्यासाठी गाठी नसलेले, सरळ तंतूंचे, कोरडे लाकूड घ्यावे, पाइन उत्तम. आधी काडी चौकोनी करून घ्यावी, कडेवरून पहिली ढलपी काढावी आणि ती सुटण्याआधीच थांबावे, मग काडी किंचित फिरवून तिच्या शेजारी तयार झालेल्या नव्या कडेवर पुढचा काप घ्यावा. या चाकूने निघणाऱ्या ढलप्या कागदापेक्षा पातळ होत्या आणि काडीच्या बुडाशी एकावर एक घट्ट बसत गेल्या. पाते काडीशी किती तिरपे धरले आहे यावर ढलपी कोणत्या बाजूला वळते हे अवलंबून असते, त्यामुळे तुरा एका बाजूला झुकू लागला की पात्याचे टोक थोडे खाली किंवा वर नेऊन तो सावरता येतो. या कामात ४ मिमी आणि २.५ मिमी पात्यांमध्ये मला उल्लेखनीय फरक आढळला नाही, आणि त्याचे कारण पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. ढलपी इतकी पातळ असते की ती पात्याला विरोध न करता बाजूला वाकते. पाते कितीही जाड असले तरी त्याला वाट मिळते. जाडीचा प्रश्न तेव्हाच उभा राहतो, जेव्हा पात्याच्या दोन्ही बाजूंना न वाकणारे लाकूड असते.

ही वेळ खाचांच्या कामात येते. कॅनडातील रानविद्येचे शिक्षक मॉर्स कोचान्स्की (१९४०–२०१९) आपल्या विद्यार्थ्यांकडून एकाच काठीवर निरनिराळ्या खाचा, छिद्रे आणि टोके तासून घेत. अशी काठी हातखंडा किती आहे हे दाखवते, आणि चाकूची रचना कुठे कमी पडते हेही दाखवते. मी तीच पद्धत वापरली, कारण एका काठीवर सगळे काप शेजारी शेजारी राहतात आणि दोन चाकूंची तुलना डोळ्यांनी करता येते.

व्ही आकाराची खाच दोन तिरप्या कापांनी होते आणि दोन्ही काप बाहेरच्या बाजूने मोकळे असतात, म्हणून तिथे जाड पाते अडत नाही. उलट रुंद उतारामुळे खाचेच्या दोन्ही बाजू इतक्या सपाट येतात की त्यात दुसरी दांडी बसवली तर फट दिसत नाही. काटकोनी खाच मात्र वेगळी आहे. तिच्यासाठी आधी तंतूंना आडवा, सरळ खाली जाणारा थांबकाप घ्यावा लागतो, आणि मग बाजूने तासत त्या कापापर्यंत यावे लागते. थांबकाप घेताना पात्याची दोन्ही अंगे लाकडात रुततात. सुरूच्या झाडाच्या कोरड्या काठीवर ४ मिमी पात्याने थांबकाप ३ ते ४ मिमी खोल गेला की पाते पाचरीसारखे वागू लागले; धार पुढे कापत होती, पण उतार तंतूंना दोन्ही बाजूंना रेटत होते आणि कापाच्या दोन्ही टोकांशी तंतूंच्या दिशेने बारीक भेगा सरकताना दिसल्या. पातळ पात्याने त्याच काठीवर, त्याच खोलीवर, कापाच्या कडा स्वच्छ राहिल्या. यावर उपाय आहे: थांबकाप एकदम खोल न घेता थोडा घ्यावा, त्याच्यापर्यंत तासून लाकूड मोकळे करावे, पुन्हा थोडा खोल घ्यावा, आणि पाते एका जागी दाबण्याऐवजी पुढे-मागे डोलवत न्यावे. या रीतीने खाच नीट होते, पण वेळ दीडपट लागतो. ओल्या लाकडात हा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो, कारण ओले तंतू दबतात आणि भेग पुढे सरकत नाही.

सर्वांत नाजूक काम म्हणजे भांडे टांगण्याच्या दांडीवरची चोचीसारखी खाच. तिच्यासाठी काठीवर फुलीच्या आकारात दोन थांबकाप घेतात, फुलीच्या चार भागांपैकी तीन भागांतले लाकूड बाजूंनी तासून काढतात आणि चौथ्या भागाखालून आत कोरत जाऊन वर एक टोकदार चोच शिल्लक ठेवतात. चोच आतल्या बाजूने जितकी कोरलेली असेल तितकी दुसरी दांडी तिच्यात घट्ट अडकते आणि भार वाढला तरी निसटत नाही. आत कोरण्याचे काम टोकाजवळच्या पंधरा-वीस मिलिमीटरवर होते. या चाकूचे टोक मध्यरेषेवर असल्यामुळे ते नेमके कुठे आहे हे हाताला न पाहताही कळते, आणि वळणाचा भाग, म्हणजे धार टोकाकडे वळते तो भाग, हळूहळू अरुंद होत गेल्यामुळे तो कोपऱ्यात पोहोचतो. तरीही चोचीच्या मुळाशी शेवटची ढलपी काढताना पात्याचा खांदा, म्हणजे उतार संपून सपाट भाग सुरू होतो ती कड, शेजारच्या लाकडाला टेकत राहते आणि ढलपी तुटून न येता चेपली जाते. ती नखाने किंवा टोकाने उचकटून काढावी लागते. ४ मिमी जाडीबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती टोकाकडे पाते थोडे पातळ करत नेले असते तर टळली असती. या कुळातल्या चाकूंमध्ये काही कारागीर तसे करतातही.

तंबूच्या खुंट्या हे चाकूचे रोजचे काम आहे, आणि त्यात हा चाकू निर्दोष वाटला. खुंटीचे टोक गोल न करता चार बाजूंनी उतरते तासावे, ते जमिनीत फिरत नाही आणि करायलाही सोपे जाते. दुसऱ्या टोकाची कड चारी बाजूंनी तिरपी मारावी, नाहीतर ठोकताना तंतू बाहेर फाकून खुंटी वरून फाटते. दोरीसाठीची खाच इंग्रजी सातच्या (7) आकड्यासारखी असते: एक बाजू काठीला आडवी, दुसरी तिरपी. हे तिन्ही प्रकारचे काप मोकळ्या बाजूचे आहेत, त्यामुळे रुंद उताराचा ताबा पुरेपूर मिळतो आणि जाडीची अडचण येत नाही.

लाकूड फोडण्याच्या कामाबद्दल मतभेद आहेत. पाते ओंडक्यावर ठेवून त्याच्या पाठीवर मोगरीने ठोकत लाकूड उभे चिरायचे, ज्याला बॅटनिंग म्हणतात, हे काम चाकूचे नाहीच, कुऱ्हाडीचे आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. कुऱ्हाड जवळ असेल तर तीच वापरावी हे मलाही मान्य आहे. परंतु पावसात बाहेरचे लाकूड भिजलेले असताना आतला कोरडा गाभा मिळवायचा असेल आणि जवळ चाकूच असेल, तर हे तंत्र यायला हवे. ११० मिमी पात्याने फोडायच्या ओंडक्याचा व्यास ७० मिमीच्या आत असावा, कारण पाते लाकडात शिरल्यावर ठोकण्यासाठी टोकाकडचे ३०–४० मिमी तरी बाहेर उरायला हवेत. ओंडका टणक आधारावर उभा ठेवावा, मूठ पाते आडवे राहील एवढीच धरावी, तिच्यावर खाली जोर देऊ नये, आणि मोगरी मुठीवर कधीही मारू नये.

सरळ तंतूंच्या पाइनमध्ये दोन-तीन ठोक्यांनंतर भेग पात्याच्या पुढे धावू लागते आणि लाकूड स्वतःच उघडते. इथे ४ मिमी पाते खरोखर उपयोगी पडते. ते लाकूड बाजूला सारते, म्हणून धार पुढच्या लाकडावर घासत नाही. २.५ मिमी पात्याने तेच काम झाले, पण पाते मध्ये अडकून राहायचे आणि जास्त ठोके द्यावे लागायचे. निलगिरीचा पीळ असलेला तुकडा मात्र वेगळाच निघाला. त्यात भेग सरळ न जाता तंतूंबरोबर वळते, पाते पिळले जाते, आणि पिळलेल्या पात्यावर आणखी ठोकणे म्हणजे धारेची कड मोडण्यास निमंत्रण आहे. अशा वेळी पाते बाहेर काढून, त्याने केलेल्या भेगेत लाकडाचीच पाचर बसवून पुढचे काम पाचरीवर सोपवणे योग्य. पाचरी तासायला वेळ लागत नाही, आणि त्या वापरल्या तर पातळ चाकूही पुष्कळ मोठे लाकूड फोडू शकतो. फुल टँग बांधणीमुळे मूठ ढिली झाली नाही, रिबिटांभोवती फट दिसली नाही, आणि पाठीवर मोगरीच्या खुणांखेरीज काही उमटले नाही. गाठ असलेल्या लाकडावर हा प्रयोग मी केला नाही आणि कुणी करू नये.

उभ्या कोवळ्या रोपट्यासारखी बारीक काठी कापण्यासाठी ठोकण्याची गरजच नसते. काठी एका हाताने वाकवली की बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात; त्या ताणलेल्या अंगावर धार तिरपी ठेवून दाबली की काठी बुडाशी सहज सुटते. त्यात कौशल्य चाकूचे कमी आणि लाकडाच्या ताणाचे जास्त असते, म्हणून परीक्षेच्या दृष्टीने त्याला मी फार महत्त्व देत नाही.

घर्षणाने विस्तव करण्याचा बो-ड्रिल संच तासणे ही मात्र उत्तम परीक्षा आहे, कारण त्यात फोडणे, तासणे, कोरणे आणि छिद्र पाडणे सगळेच येते. त्यासाठी १२ ते १५ मिमी जाडीची कोरडी, मऊ लाकडाची फळी लागते आणि अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ दांडी लागते. फळी फोडून आणि तासून सपाट करताना या चाकूला तोड नव्हती. दांडी बसण्यासाठीचा खळगा टोकाने फिरवत पाडावा लागतो. मध्यरेषेवरचे टोक मुठीच्या सरळ रेषेत असल्याने ते गिरमिटासारखे फिरते, भरकटत नाही. शेवटी फळीच्या कडेपासून खळग्याच्या जवळजवळ मध्यापर्यंत व्ही आकाराची फट कापायची असते, वर्तुळाच्या आठव्या भागाएवढी. तिच्यातच जळकी भुकटी साठते आणि निखारा धरतो. या फटीच्या भिंती खडबडीत राहिल्या तर भुकटी विखुरते. फटीची एक बाजू नेहमी मोकळी असते, त्यामुळे जाड पात्यानेही भिंती गुळगुळीत आल्या. फक्त सर्वांत आतल्या कोनात टोकाने दोन-तीनदा खरवडावे लागले.

पात्याची काटकोनी पाठ हे स्वतंत्र हत्यार आहे. तिच्याने साल खरवडता येते, राळयुक्त लाकडाचा मऊ कीस काढता येतो, आणि धारेला हात न लावता दांडीवरचे सल घासून काढता येतात. फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या कांडीवर, ती उत्तम चालते. १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी पेटंट घेतलेल्या फेरोसेरियम या मिश्रधातूचे सोललेले कण हवेत पेटतात आणि सुमारे ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापतात. त्यासाठी रॉडवरून कण सोलणारी कड तीक्ष्ण हवी, गोलाई आलेली कड नुसती घसरते. या चाकूच्या पाठीची कड संपूर्ण लांबीभर तीक्ष्ण ठेवलेली आहे, आणि त्याचा तोटा असा की पाठीवर अंगठा ठेवून बारीक काम करताना ती अंगठ्याला टोचते. मुठीजवळचा दोन बोटांएवढा भाग गोल करून उरलेला भाग तीक्ष्ण ठेवला, तर दोन्ही कामे सुखाने होतात. हा बदल बारीक कानसीने स्वतः करता येतो आणि मी तो केला आहे.

मुठीबद्दल समाधानाने लिहावे असे पुष्कळ आहे. तिचा मधला भाग किंचित फुगीर आहे, दोन्ही टोके निमुळती आहेत आणि पुढे अडसर नाही. अडसर नसल्याने हात पुढे सरकण्याची भीती काहींना वाटते. पण लाकूडकामात चाकू भोसकण्यासाठी वापरायचा नसतो, आणि अडसर असला तर छातीशी धरलेली पकड, उलटी पकड, पाते चिमटीत धरून केलेले कोरीवकाम, हे सगळे अडते. आडवा छेद लंबगोल असल्याने धार कोणत्या दिशेला आहे हे मुठीवरूनच समजते. घामट किंवा राळ लागलेल्या हातातही लाकडी पृष्ठभाग घसरला नाही. लाकूड अधूनमधून जवसाच्या तेलाने पुसावे लागते. ज्यांना ही निगा नको असेल त्यांनी मायकार्टाची, म्हणजे राळेत दाबलेल्या कापडी थरांची, मूठ निवडावी.

म्यान चामड्याचे, खोल आणि शिवणीच्या आतून एक जास्तीचा पदर असलेले आहे, त्यामुळे पाते आत जाताना टाके कापले जात नाहीत. कोरडे असताना ते चाकू घट्ट धरते. पूर्ण भिजल्यावर मात्र चामडे सैल पडले, आणि चाकू उलटा केला तर सहज बाहेर येऊ लागला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ओले चामडे पोलादाला लागून राहते. ओ-१मध्ये कार्बन सुमारे ०.९ टक्के आणि क्रोमियम जेमतेम अर्धा टक्का असते, म्हणजे त्याला स्टेनलेस पोलादासारखे गंजापासून संरक्षण नाही. ओल्या म्यानात रात्रभर ठेवलेल्या पात्यावर सकाळी नारिंगी ठिपके दिसणारच. पाते पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून म्यानाबाहेर कोरड्या फडक्यात ठेवणे हाच उपाय आहे. कालांतराने पोलादावर करडी-निळसर झाक येते आणि गंज धरण्याचे प्रमाण थोडे कमी होते, पण निगा सुटत नाही.

या कटकटीच्या मोबदल्यात ओ-१ काय देते, हा प्रश्न योग्य आहे. तापवून तेलात बुडवून कठीण केलेले हे पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५८ ते ६०पर्यंत आणले की त्याचे कण बारीक राहतात, धार फार तीक्ष्ण लागते आणि कोन लहान असूनही कड सहजी तुटत नाही. ओल्या लाकडावर भरपूर तासकाम करूनही धारेत उणेपणा आला नाही. कोरड्या सुरूवर आणि निलगिरीवर मात्र काही ठिकाणी कड वळली. ती डोळ्यांनी पाहण्याची रीत सोपी आहे: धार वर करून दिव्याकडे धरावी, चांगल्या धारेवर प्रकाश दिसत नाही, आणि जिथे कड वळलेली वा बोथट असते तिथे पांढरा ठिपका चमकतो. माझ्या पात्यावर हे ठिपके वळणाच्या आरंभाशी, म्हणजे थांबकाप डोलवताना सर्वांत जास्त भार येतो तिथे, दिसले.

ते काढणे हे या चाकूचे सर्वांत कष्टाचे काम आहे. स्कँडी धार लावायला शिकणे सोपे, कारण उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप मिळतो. पण ९ मिमी रुंद उतार संपूर्ण घासायचा म्हणजे पातळ पात्याच्या दीडपटीहून अधिक धातू काढावा लागतो. १००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) पाण्याच्या दगडावर दुसऱ्या बाजूला सलग कणी, म्हणजे कडेवर उलटलेली धातूची बारीक किनार, येईपर्यंत घासावे, मग ४००० ग्रिटवर खुणा पुसाव्यात, आणि शेवटी पॉलिश लावलेल्या चामड्यावर पाते फक्त मागे ओढावे. कठीण लाकडावरच काम असेल तर शेवटच्या काही फेऱ्यांत पाते दोन-तीन अंश उचलून अगदी बारीक दुसरा उतार दिला, तर कड वळायची थांबते. हा उतार डोळ्यांना न दिसण्याइतकाच राहायला हवा; तो वाढत गेला की रुंद उतार लाकडावर टेकला तरी धार लाकडापर्यंत पोहोचत नाही, पाते उचलूनच काप घ्यावा लागतो आणि ज्या ताब्यासाठी हा चाकू घ्यायचा तोच निघून जातो. म्हणून काही वेळा धार लावून झाली की एकदा पूर्ण उतार पुन्हा सपाट करून घ्यावा. वळणाच्या भागात मूठ हळूहळू वर उचलत न्यावी लागते, कारण तिथे उतार दगडावर एका वेळी फार थोडा टेकतो, आणि घाई केली तर टोक गोल होऊन चोचीच्या खाचेत शिरेनासे होते. दगडावरचा निम्मा वेळ मी या टोकाकडच्या तीन सेंटिमीटरवरच घालवतो.